कप सरकायचे थांबले तेव्हा

बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय ही गोष्ट आईपासून लपवायची असं बाबा आणि भोंगी या दोघांचं ठरलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला. गुपित ठेवायला जी माणसं लागतात त्यांतली ही दोघं नव्हतीच. बाबांना हळू बोललेलं ऐकू यायचं नाही आणि भोंगीला हळू बोलता यायचं नाही. आता अशा दोन माणसांनी एका खोलीच्या घरात गुपित बोलायचं कसं, तुम्हीच सांगा! शेवटी दोघं पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलले, तर टाकीवरची सगळी कबुतरं उडाली.

भोंगी हे नाव तिला वर्गात पडलं होतं. ती नुसतं 'हजर' म्हणाली तरी शेजारच्या वर्गातलं कुणीतरी दचकून उभं राहायचं. पण त्यात तिचा काय दोष? तिचं घर खिळ्यांच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभं होतं. आत ओळीने मशीनं. एका अंगाने तारेचं वेटोळं आत जायचं, मशीन ती तार तोडायचं, ठोकून तिला डोकं काढायचं आणि दुसऱ्या अंगाने खिळे बदाबदा पडायचे. हे झालं एका मशीनचं. सगळी एकदम चालली की घरातल्या बादलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची आणि फळीवरचे कप किणकिणत, एकमेकांना ढोसत, फळीच्या कडेकडे निघायचे. आई येता-जाता त्यांना आत ढकलायची. न बघता. हातात काही असलं तर कोपराने.

अशा घरात 'मीठ दे' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून म्हणावं लागायचं.

बाबा ज्या मशीनवर होते त्याला ते 'म्हातारी' म्हणायचे. म्हातारी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कजाग. शेडमध्ये बोलणं अशक्यच, म्हणून कामगारांनी हातांची एक भाषा केली होती. ओठांना अंगठा म्हणजे चहा. दोन हातांचं छप्पर म्हणजे घर. छातीवर तळवा दोनदा आपटला की सगळं ठीक. आणि डोक्यावरून हात फिरवला की साहेब आले, कारण साहेब केसांचा टोप घालायचे. साहेबांना वाटायचं, कामगार आपल्याला सलाम करतात. तेही हसून मान हलवायचे.

कारखान्यात नवीन सिस्टर आली आणि तिने एकेकाला बोलावून दंडाला पट्टा गुंडाळायला सुरुवात केली. बाबांचा पारा सरसर चढला आणि लाल खुणेच्या वर जाऊन बसला.

"काका, डोकं दुखतं का तुमचं?" सिस्टर ओरडली. तिची खोली शेडला लागूनच होती.

बाबांनी तिच्या ओठांकडे बघून उत्तर दिलं, "डोकं दुखायला आधी ते जागेवर पाहिजे ना सिस्टर. आमचं सगळ्यांचं मशीनमध्ये असतं."

दुसऱ्यांदा मोजलं तेव्हाही तेच. या वेळी सिस्टर हसली नाही. "आता पुढच्या तपासणीला खाली आलं नाही तर मला वर कळवावं लागेल, काका. मग मशीन बंद. पॅकिंगला बसवतील तुम्हाला."

पॅकिंग! पॅकिंगला खोक्यांना चिकटपट्टी लावत बसायचं. तिथं ती माणसं बसायची ज्यांचं काही ना काही कारखान्यात गेलेलं असायचं. कुणाची नजर, कुणाची बोटं. बाबांचं फक्त ऐकू येणं गेलं होतं, आणि शेडमध्ये ते कुणी मोजत नव्हतं.

आईला सांगायचं नाही याचं कारण मामा. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. तो बाबांच्या शेजारच्या मशीनवर होता. भोंगी अगदी लहान असताना एका दुपारी मशीनने त्याची बाही ओढली. बाहीमागून हात गेला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मामाही गेला. त्याच्या आधी आई रोज म्हणायची, "अहो, लांब कुठेतरी खोली बघा, या आवाजाने माझं टाळकं फिरतं." त्यानंतर ती एकदाही म्हणाली नाही. उलट बाबांनी एकदा विषय काढला तर म्हणाली, "नको. इथंच बरं." घरातला रेडिओही तिने फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे असेल. बाबांना वाटलं, सवय झाली बिचारीला.

तर आता बाबांचा पारा उतरवायची जबाबदारी भोंगीने अंगावर घेतली. सिस्टरने सांगितलं होतं, मीठ कमी आणि घरात शांतता. भोंगीने लगेच कामाला सुरुवात केली. दाराची कडी तिने चिंधीने बांधली, खुर्चीच्या पायांना जुने मोजे घातले आणि स्वतः कुजबुजत बोलायला लागली.

आईने हातातलं काम टाकलं. "काय गं? नापास झालीस?"

"नाही," भोंगी कुजबुजली.

"मग घसा बसलाय?"

"नाही."

आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कोण आहे तो?"

"आई!!" भोंगीने अशी काही किंकाळी मारली की आईचा जीव भांड्यात पडला.

मिठाचंही असंच झालं. भोंगीने आईची नजर चुकवून भाजीतलं मीठ टाळायचं ठरवलं, म्हणजे डब्यातलं मीठच अर्ध्यावर आणून ठेवलं आणि वर साखर मिसळली. आईने चव बघितली, तोंड वाकडं केलं आणि शेजारच्या काकूंकडून वाटीभर मीठ आणून सगळं भाजीत लोटलं. त्या दिवशी बाबांनी भाजी खाल्ली आणि रात्रभर पाणी प्यायले. पारा राहिला बाजूला, तांब्याच उतरत होता.

इकडे सिस्टरच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. बाबांचाच नाही, जो येईल त्याचा पारा चढलेला! मोजताना टेबल थरथरतंय, ट्यूबमधला पारा नाचतोय, आणि तिला स्वतःलाच धडधडतंय. ती तडक साहेबांकडे गेली.

"सर, या आवाजात मोजून काही अर्थ नाही. तपासणीच्या दिवशी जरा वेळ सगळी मशीनं बंद ठेवा. माणसं शांत बसू देत, मग खरं काय ते कळेल."

साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले, टोप सारखा केला आणि हो म्हणाले. बातमी शेडमध्ये हातोहात फिरली. सगळे खूश. बाबा तर टाकीमागे जाऊन भोंगीला सांगून आले. "उद्या दुपारी मशीनं बंद! आरामात मोजणार!"

"मग काय बाबा, येतोच पारा खाली!" भोंगीने उडी मारली. कबुतरं पुन्हा उडाली.

सिस्टर नवीन होती, तिला माफ. साहेब गाडीने यायचे-जायचे, त्यांनाही एकवेळ माफ. पण त्या गल्लीत राहणाऱ्या इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही सुचू नये, की भर दुपारी कारखाना गप्प झाला तर भिंतीच्या या बाजूला काय होईल?

दुसऱ्या दिवशी भोंगीच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, तरी कारखान्याची घरघर तिथवर पोचायचीच. त्यामुळे गणिताच्या बाई कायम वरच्या पट्टीत. फळ्याकडे पाठ करून त्या ओरडत होत्या, "तर आता मला सांगा, उरले किती?"

आणि मशीनं बंद झाली.

'उरले किती' हे शब्द अख्ख्या शाळेत घुमले. बाई स्वतःच दचकल्या. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. पोरं हसायला लागली. भोंगीही हसली, कारण तिला माहीत होतं, आता बाबांच्या दंडाला पट्टा बांधत असतील. मग तिला फळीवरचे कप आठवले. ते आता थांबले असतील. आणि कप थांबल्यावर आई...

"बाई, मला जायचंय!"

"कुठं?"

पण भोंगी दारातून बाहेर पडली होती.

आई तेव्हा पीठ मळत होती. कप किणकिणायचे थांबले. बादलीतलं पाणी काचेसारखं स्थिर झालं. आईने मान वर केली. मग तशीच, पिठाच्या हातांनी उठली आणि धावत सुटली. एक चप्पल पायात, दुसरी दारातच राहिली. गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. शेजारच्या काकू डोक्याला साबण लावलेल्या तशाच, कुणाच्या हातात पळी, कुणाच्या कडेवर अर्धवट कपडे घातलेलं पोर. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्या नुसत्या धावत होत्या. एवढ्या बायका धावतायत आणि आवाज फक्त पावलांचा, असं त्या गल्लीने पूर्वी एकदाच ऐकलं होतं.

फाटकावर मिशाळ वॉचमन. तो बिचारा घाबरून गेला. बायकांना धीर द्यावा म्हणून दोन्ही हात वर करून तो म्हणाला, "अहो, घाबरू नका! डॉक्टरी चाललीय आत! सिस्टर आहे, सगळ्यांना एकेक करून खाटेवर घेतलंय!"

"सगळ्यांना?" काकूंनी टाहो फोडला.

फाटक मोडायचंच बाकी राहिलं.

आत काय चाललं होतं? सिस्टर कपाळाला हात लावून बसली होती. शांततेत पारा खाली यायच्या ऐवजी प्रत्येकाचा आधीपेक्षा वर! रांगेत माणसं उभी होती, पण कुणी बोलत नव्हतं. आपल्याच शेडची शांतता ऐकत होती. बाबांच्या शेजारच्या मशीनवरचा उंच्या मात्र सवयीप्रमाणे बाबांच्या कानात तोंड घालून बोंबलला, "साहेबांचा टोप आज तिरका बसलाय!"

शांततेत ते वाक्य छतापर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. दारात साहेब उभे होते. त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला, आणि कामगारांनी सवयीने तीच खूण करून दाखवली. साहेबांना आज पहिल्यांदाच त्या सलामाचा अर्थ कळला. दुसरा कुठला दिवस असता तर शेड हसून हसून लोळली असती. आज कुणाला हसू आलं नाही.

बाबांचा पारा तर इतका वर गेला की सिस्टरने त्यांना खाटेवर आडवंच केलं. "काका, अहो आता तर कसला आवाज नाही, काही नाही. मग धडधडतंय कशामुळे?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "सिस्टर, इथं दिवसा मशीनं बंद पडतात ती एकाच कारणाने. मागच्या वेळी पडली तेव्हा मी माझ्या मेव्हण्याच्या शेजारी उभा होतो. डोक्याला कळतंय, आज तपासणीसाठी बंद आहेत. बाकीच्या अंगाला कोण समजावणार?"

सिस्टरने हातातला रबरी फुगा खाली ठेवला. आणि तेवढ्यात बायका आत घुसल्या.

आईला दिसलं ते एवढंच, की बाबा खाटेवर आडवे आहेत आणि दंडाला काहीतरी गुंडाळलंय. तिने त्यांचा उजवा हात उचलला, एकेक बोट पिठाच्या बोटांनी चाचपलं. मग डावा हात. पुन्हा उजवा. बाबांच्या हातांना सगळीकडे पीठ लागलं.

"अगं, मला काही झालं नाही," बाबा घाईने म्हणाले. "नुसतं प्रेशर बघतायत. थोडं वाढलंय. तुला म्हणून सांगितलं नाही, तू घाबरशील..."

"घाबरीन?" आईचा आवाज चिरका निघाला. "मी घाबरीन म्हणून सांगितलं नाही? तुम्ही दोघं... ती कार्टी मोजे काय घालते खुर्चीला..." आणि बोलता बोलता तिने खाटेची कड धरली. तिचा तोल गेला.

भोंगी धापा टाकत दारात पोचली तेव्हा खाटेवर बाबा नव्हते. खाटेवर आई होती. आणि सिस्टर ट्यूबकडे बघत होती. त्या दिवशी कारखान्यातल्या इतक्या माणसांना पट्टा बांधला होता, पण सगळ्यात वरचा आकडा निघाला तो आजवर शेडमध्ये पाऊल न टाकलेल्या बाईचा.

साहेब घाबरले. एवढा गोंधळ आणि बायकांची रडारड बघून त्यांनी ओरडून सांगितलं, "चालू करा! सगळी चालू करा आधी!"

मशीनं सुरू झाली. जमीन थरथरली, खिळे बदाबदा पडायला लागले आणि बायकांनी एकदम श्वास सोडला. कुणी हसली, कुणी पदराने तोंड पुसलं, काकूंना डोक्यावरचा साबण आठवला. थोड्या वेळाने सिस्टरने बाबांना पुन्हा पट्टा बांधला. पारा हळूहळू उतरला आणि लाल खुणेच्या जरासा खाली येऊन थांबला.

उंच्याने लांबून छातीवर तळवा दोनदा आपटला. म्हातारी वाचली! पॅकिंग टळलं!

आईचा पारा मात्र उतरला नाही. सिस्टर तिच्या कानाशी वाकली. "ताई, किती दिवस चक्कर येते? तुम्ही या आवाजापासून लांब राहायला हवं. दिवसभर भिंतीला लागून राहता, त्याचाच त्रास आहे हा."

"लांब?" आईने डोळे उघडले. "लांब गेले तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"की चालू आहे म्हणून." आई अगदी साध्या आवाजात बोलली. "उठल्यापासून मी तेच तर ऐकते. चालू आहे तोवर बरं असतं माझं."

शेडच्या आवाजात हे बाकी कुणालाच ऐकू गेलं नाही. पण बाबा तिच्या ओठांकडे बघत होते, आणि ओठांवरचं ते कधी चुकायचे नाहीत.

ते उठले. साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, मला पॅकिंगला घाला."

"अहो, पण तुमचं बसलं की प्रेशर! सिस्टर म्हणाली ना आत्ताच!"

"माझं बसलं."

"मग?"

बाबांनी दोन हातांचं छप्पर करून दाखवलं. साहेबांना ती खूण माहीत नव्हती. त्यांनी घाईने टोप तपासला.

आता ते तिघं कारखान्यापासून बरंच लांब, एका शांत रस्त्यावर राहतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाबा पॅकिंगला बसतात आणि खोक्यांना चिकटपट्टी लावतात. जेवणाची आळीपाळीची सुट्टी मिळाली की म्हातारीकडे एक चक्कर मारून येतात, तिच्यावर आता कोण बसतं आणि तिला कसं वागवतं ते बघायला. बादलीतलं पाणी हलत नाही. फळीवर कप जागच्या जागी उभे असतात. पहिल्या आठवड्यात आई त्या कपांकडे बघत नुसती बसून राहायची. जेवायची नाही. बाबा आता मशीनवर नाहीत हे तिच्या डोक्याला कळत होतं. बाकीच्या अंगाला समजावणारं कुणी नव्हतं.

उपाय भोंगीने काढला. तिची शाळा जुनीच, वाटेत कारखाना. शाळा सुटली की ती फाटकावर थांबते, बाबा पॅकिंगच्या खिडकीतून छातीवर तळवा दोनदा आपटतात, आणि ती सुसाट घरी निघते. पण घर गाठेपर्यंत आईने कशाला वाट बघायची? म्हणून कोपऱ्यावर वळल्या वळल्या ती छाती भरून श्वास घेते आणि देते एक आरोळी.

"आईऽऽ! बाबा ठीक आहेत गंऽऽ!"

शांत रस्ता नखशिखांत हादरतो.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. दुपारी झोपणारे. तिसऱ्याच दिवशी ते काठी आपटत वर आले. "अहो बाई, ही तुमची मुलगी आहे की भोंगा? माझं ब्लडप्रेशर वाढतं हिच्या ओरडण्याने! डॉक्टरने मला शांतता सांगितलीय, शांतता!"

"सांगते हं तिला," आई म्हणाली. पण सांगितलं नाही. आजोबा रोज खिडकीतून डोळे वटारत राहिले आणि भोंगी रोज ओरडत राहिली. सिस्टर म्हणते, आईचा पारा उतरतोय. सावकाश. लाल खुणेपर्यंत यायला अजून वेळ आहे.

मग परवा भोंगीला सर्दी झाली आणि तिचा घसा असा काही बसला, की शाळेत 'हजर'सुद्धा हात वर करून म्हणावं लागलं. घरी येताना कोपऱ्यावर तिने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. आई दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. भोंगीने छातीवर तळवा आपटला. एकदा, दोनदा. आईने चौकटीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात जिन्यावर धडपड ऐकू आली. आजोबा वर येत होते, काठी न घेता, कठड्याला धरून. वर पोचले ते धापा टाकतच.

"पोरगी... आज ओरडली नाही... मी जागाच होतो... काय झालं? तिचे बाबा... बरे आहेत ना ते?"

आईने खाली बघितलं. आजोबांच्या एकाच पायात चप्पल होती.

भोंगीने घाईघाईने छातीवर तळवा आपटून दाखवला. आजोबांना ती भाषा येत नव्हती, पण त्यांचा हात आधीच छातीवर होता.

"बरे आहेत," आई म्हणाली. "तिचा घसा धरलाय, एवढंच. या, आत बसा आजोबा. चहा टाकते."

तिने फळीवरून एक कप काढला. आणि त्याच्या शेजारचा कप, जो जागचा जराही हलला नव्हता, कोपराने हळूच आत सरकवला.